तीन सीटांचा प्रवासखर्च

दुभाष्याचं काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘ती म्हणते की तिची शेळी मेली’ असं सांगायचं नाही. ‘माझी शेळी मेली’ असंच सांगायचं. ती रागावून बोलली तर रागावून, पण आपला राग त्यात मिसळायचा नाही.

हे काम मी दहाएक वर्षं करते. तेलुगू आईची, ती मदनूरकडची. कन्नड आत्यानं दिली. तिला कर्नाटकातल्या औरादला दिलेलं, आणि माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिच्या ओसरीवर गेल्या. दखनी देगलूरच्या बाजारात आपोआप आली, इंग्रजी मात्र कॉलेजात घासून घासून घ्यावी लागली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाप मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होता. माझं भांडवल कुठून आलं ते कळावं म्हणून सांगितलं. कुणी हळहळावं म्हणून नाही.

आमचं गाव देगलूरपासून अकरा किलोमीटर. मी अजून तिथंच राहते. लोकांना हे पटत नाही. परिषदेत कानाला हेडफोन लावून बोलणारी बाई एक तर पुण्याची असते नाही तर हैदराबादची, असं त्यांना वाटतं.

गेल्या वर्षी लातूरला एका संस्थेनं शेळीपालनावर दोन दिवसांची परिषद ठेवली होती. महाराष्ट्र, तेलंगण, कर्नाटक अशा तिन्ही राज्यांतल्या बचत गटांच्या बाया येणार होत्या. त्या संस्थेच्या दुभाष्यांच्या पॅनलवर माझं नाव आहे. पॅनल म्हणजे यादी. यादीत नाव असलं तर वर्षाला पाच-सहा कामं येतात, आणि माझं घर त्यावर चालतं. त्या परिषदेनंतर ते नाव राहतं की जातं अशी वेळ आली. तीही कामामुळे नाही, प्रवासखर्चाच्या फॉर्ममुळे.

संस्थेचा नियम असा: दोनशे किलोमीटरच्या पुढून येणाऱ्याला आदल्या रात्रीचा मुक्काम मिळतो. मी त्याच्या आत बसते, म्हणजे मला तो मुक्काम नाही, परिषदेच्या मधल्या रात्रीचा तेवढा आहे. कार्यक्रम साडेनऊला सुरू. एसटीनं निघाले तर उदगीरला गाडी बदलून लातूरला पोचेपर्यंत उद्घाटनाचे हार वाळलेले असतात. मग उरते काळी-पिवळी जीप.

आमच्याकडच्या जीपची रीत ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. जीपला वेळ नसते. ती भरली की निघते. ज्याला घाई असेल त्यानं रिकाम्या सीटांचे पैसे द्यायचे. याला ‘सीट भरणं’ म्हणतात. कुणाची बाई अडलेली असते, कुणाची कोर्टाची तारीख असते, तो सीट भरतो आणि बाकीचे त्याच्या जिवावर लवकर पोचतात.

त्या दिवशी सकाळी देगलूरला मी जीपजवळ आले तेव्हा ड्रायव्हर बॉनेटवर बसून चहा पीत होता.

“दोन सीटा कमी हायत, म्याडम.”

“किती वेळ लागंल?”

“माणूस आला तर आत्ता. न्हाई आला तर न्हाई.”

“माझी एक अन् रिकाम्या दोन. तीन सीटांचे घे अन् काढ.”

त्यानं चहा एका घोटात संपवला. मागून एक म्हातारे म्हणाले, “बाई, मला लवकर नेऊन काय करता? उदगीरचा दवाखाना धा वाजता उघडून राहिला.”

शेजारी दह्याचं भांडं मांडीवर घेतलेली बाई होती. ती म्हणाली, “बसा की गप, आजोबा. फुकट जागा मिळून राहिली तर पाय पसरा.” आणि तिनं ते भांडं माझ्या विकत घेतलेल्या सीटवर ठेवलं. भांडं उदगीरपर्यंत ऐटीत आलं.

परिषद चांगली झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तेलुगू बाई उठली. तिच्या चार शेळ्या मेल्या होत्या, विमा उतरवलेला होता, आणि दोन वर्षं पैसे आले नव्हते. समोर विम्याचे साहेब. ती म्हणाली ते मी मराठीत सांगितलं: “हप्ता घ्यायला तुम्ही माझं घर शोधत आलात. आता माझं घर तुम्हाला सापडत नाही का?” सभागृह हसलं. साहेबांनी तिच्याकडे न बघता माझ्याकडे डोळे वटारले. चहाच्या वेळेला येऊन म्हणाले, “म्याडम, जरा सौम्य भाषांतर करायचं असतं.”

मी म्हणाले, “सर, ती सौम्य बोलली असती तर केलं असतं.”

माझ्या जोडीला हैदराबादहून आलेल्या एक ज्येष्ठ बाई होत्या. अर्धा तास त्या, अर्धा तास मी, असं आमचं काम चालतं. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला आणि माझ्या पुढ्यातली बिस्किटं माझ्याकडे आणखी सरकवली. आमच्या धंद्यात याला शाबासकी म्हणतात.

संध्याकाळी दोघी हिशेबाच्या टेबलापाशी गेलो. जोडीदार बाईंनी भाड्याच्या कारचं छापील बिल दिलं. हिशेबनीस सरांनी ते वाचलंसुद्धा नाही, शिक्का मारला. मग माझा फॉर्म हातात घेतला. मी लिहिलं होतं: गावाहून देगलूर, रिक्षा, तीस रुपये. देगलूर ते उदगीर, जीप, तीन सीटा, तीनशे. उदगीर ते लातूर, एसटी, साठ. येताना तीनशे नव्वद. जाताना घाई नाही, सगळी एसटी आणि रिक्षा धरून एकशे चाळीस. एकूण पाचशे तीस.

सर फॉर्म लांब धरून म्हणाले, “म्याडम, तुम्ही एकट्या तीन सीटांवर बसता?”

टेबलापाशी उभे असलेले सगळे हसले. मीही हसले, कारण विनोद वाईट नव्हता. मग मी सीट भरणं म्हणजे काय ते सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. ते स्वतः औशाचे, लहानपणापासून जीपनंच आलेले-गेलेले.

“पण तिकीट कुठाय?”

“जीपला तिकीट असतं का, सर?”

“तेच तर म्हणून राहिलो. नियमात विमान हाय, रेल्वे हाय, एसटी हाय, टॅक्सी हाय. जीप न्हाई. आणि एसटीत तर बायांना अर्धं तिकीट. सरकार अर्ध्यात नेऊन राहिलं अन् तुम्ही तिप्पट देऊन राहिल्या. ऑडिटवाला मला काय म्हणंल?”

“म्हणंल की बाई वेळेवर आली.”

त्यांनी मान हलवली, ड्रॉवर उघडला आणि एका ट्रॅव्हल्सचं कोरं पावतीपुस्तक काढलं. आवाज खाली आणला. “हे बघा, भांडून काय मिळणार? नांदेड ते लातूर, जाणं-येणं, कार. साडेतीन हजार लिहा. आपलेच आहात. तुमचंही भागलं, माझी फाईलही साफ.”

म्हणजे खरं पाचशे तीस चालत नव्हतं आणि खोटं साडेतीन हजार चालत होतं.

हे पुस्तक मी ओळखत होते. तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर, याच सरांनी ते माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि मी त्यात लिहिलं होतं. पॅनलवरचं ते माझं पहिलंच काम. खरा खर्च तीनशे ऐंशी झाला होता, पावती बत्तीसशेची फाडली. “गावाहून कार कुणी मानणार नाही, नांदेड लिहा,” असं सर म्हणाले, आणि पत्त्याच्या रकान्यातही नांदेड लिहून घेतलं. पॅनलवर मी नवी होते, भीत होते, हे खरं. बत्तीसशे रुपये बरे वाटले, हेही खरंच.

त्याचं फळ पुढच्या वर्षी मिळालं. संस्थेचा कार्यक्रम नांदेडला होता. मी गावाहून नव्वदएक किलोमीटर जाऊन दिवसभर काम केलं आणि खर्चाच्या फॉर्मवर शेरा मिळाला: ‘स्थानिक. प्रवासखर्च देय नाही.’ तक्रार कशी करणार? माझ्याच सहीनं मी नांदेडकर झाले होते. दोन दिवस घरात चिडचिड केली, शेवटी बापाला सगळं सांगितलं. तो आधी लई वेळ हसला. मग म्हणाला, “पोरी, कारमधी बसून गेलीस अन् बापाला हॉर्नसुदिक ऐकू दिला न्हाईस?”

त्या हसण्याची मला शिव्यांपेक्षा जास्त लाज वाटली.

म्हणून या खेपेला मी पुस्तक परत सरकवलं. “सर, मी लिहिलंय तेच राहू द्या. खाली सही करते. खोटं निघालं तर मला धरा.”

“नुसत्या सहीवर पैसे देता येत न्हाईत हो.”

“दोन दिवस दोनशे माणसांनी माझ्या नुसत्या बोलण्यावर भरवसा ठेवला. तिकडं शास्त्रज्ञ काय म्हणाले, इकडं बाया काय म्हणाल्या, कुणी पावती मागितली नाही. आणि दोन रिकाम्या सीटांसाठी माझा शब्द चालत नाही?”

सर शांतपणे म्हणाले, “ते स्टेजवर, म्याडम. हे टेबल हाय.”

जीपवाल्याची सही आणा म्हणाले. चार दिवसांनी देगलूरला मी त्याला गाठलं. त्यानं हात जोडले. “म्याडम, आणखी दोन सीटा भरा, पण सही मागू नका. किती माणसं बसवतो ते कागदावर आलं तर आरटीओ माझी जीपच भरून नेईल.” त्याचंही बरोबर होतं. मी परत विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी समन्वयक साहेबांचा फोन आला. पॅनलवर कुणाला घ्यायचं ते हेच ठरवतात. माणूस गोड बोलणारा. “म्याडम, यादी नव्यानं करून राहिलोत. ज्यांच्या फायली अडकलेल्या हायत त्यांची नावं वर जात न्हाईत. पाचशे तीस रुपयांसाठी कशाला? दावा मागे घ्या. न्हाई तर ते कारचं बिल जोडा. दोन्हीतलं काहीही करा, नाव राहील.”

मी म्हणाले, “साहेब, तिसरंही काही असंल. उद्या लिहून पाठवते.”

त्या दुपारी बसून पत्र लिहिलं. एक: मी राहते ते गाव देगलूर तालुक्यात आहे, तिथं एसटी येत नाही; नांदेडचा पत्ता खोटा, तो काढावा. दोन: जीपचा खर्च मी माझ्या सहीनं मागते आहे, सीटा का भरल्या त्याचं कारण मुक्कामाचा नियम. तीन: तीन वर्षांपूर्वीचं माझं कारचं बिल खोटं होतं. पावती संस्थेच्याच टेबलावर मिळाली. जास्तीचे अठ्ठावीसशे वीस रुपये माझ्या मानधनातून कापून घ्यावेत.

बापानं ऐकलं आणि विचारलं, “काम गेलं तर?”

“तर गेलं. पाच भाषा हायत, कुठंतरी विकतील.”

बोलायला सोपं होतं. पत्र टाकून परत येताना वर्षाच्या पाच-सहा कामांचा हिशेब बोटांवर करत आले, हे लपवत नाही.

चौथ्या दिवशी समन्वयकांचा फोन. आवाजातला गोडवा पार गेलेला. “हे काय पाठवलंत? तिसरा मुद्दा काढा. ते पावतीपुस्तक आमच्या टेबलावर होतं असं कागदावर आलं तर आम्ही सगळेच अडकू. एकट्या तुमचीच पावती हाय का त्यात?”

“माझी मला माहीत. दुसऱ्याच्या पावतीचं मी काय सांगू?”

“तुमचे पाचशे तीस आजच काढतो. पत्र मागं घ्या.”

“पाचशे तीस काढा. पत्र तसंच राहू द्या.”

“अहो, मागं घेतलंत तर अठ्ठावीसशे वाचतायत तुमचे!”

“ते माझे नव्हतेच, साहेब.”

पलीकडे कागद आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, “तुम्ही फार ताठ हायत.”

“हाव,” मी म्हणाले. “हमालाची पोरगी हाय. पाठ ताठ ठेवल्याबिगर ओझं उचलत न्हाई.”

फोन त्यांनी ठेवला. मानधन आलं ते महिनाभरानं, त्यात पाचशे तीस मिळवलेले आणि अठ्ठावीसशे वीस कापलेले. बरोबर एक कागद: इथून पुढे जिथं दुसरं वाहन वेळेवर नाही तिथं सामायिक जीपचा खर्च प्रवाशाच्या लेखी सहीवर मान्य. पावतीपुस्तकाबद्दल त्यात अक्षर नाही. मी त्याबद्दल पुन्हा विचारणार आहे, कारण माझ्यासारख्या नव्या पोरी त्या टेबलापाशी येतच राहतील.

यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी टाकलं. वर्णानुक्रमानं ते तिथं येत नाही, हे मला कळतं. पण नावापुढं गाव आमचं आहे. यादीतल्या त्या नावापुढच्या गावाला एसटी जात नाही, हे आता त्यांना कागदावर माहीत आहे. पुढचं काम सोलापूरचं आलं. मी हो म्हणाले.