मामाचं ओके

माझा थोरला भाऊ सभा-समारंभांना माइक आणि स्पीकर पुरवतो. प्रत्येक जोडणी झाली की "ओके!" म्हणून ओरडायची त्याला इतकी सवय, की सगळे त्याला ओकेदादाच म्हणतात. दात घासून झाल्यावरही म्हणतो, असं वहिनी सांगते.

माझ्या लेकीला संगीत महाविद्यालयात प्रवेश हवाय. त्यासाठी घरच्या पियानोवर वाजवलेल्या एका रचनेचं चित्रण आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. सलग, काटछाट न करता, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं. कुठला माइक घ्यावा हे वाचून वाचून माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. एक म्हणतो पियानोला खेटून ठेवा, दुसरा म्हणतो लांब ठेवा.

"तू कशाला डोकं शिणवतेस? घरचा माणूस आहे ना?" दादा म्हणाला.

घरचा माणूस सकाळी टेम्पोभर सामान घेऊन उतरला. आधी त्याने लेकीच्या कॉलरला भाषणाचा छोटा माइक लावला. ऐकून पाहिलं, तर पियानो कमी आणि तिचा श्वासच जास्त. मग हातात धरायचा माइक पियानोवर आडवा टाकला. प्रत्येक पेडलला धप्प, धप्प! कॅमेरा तर सारखा तिच्या नाकावर जात होता.

"अरे, हात दिसायला हवेत!"

"हातात काय बघायचंय? माणसाचा चेहरा दाखवावा."

शेवटी मीच कॅमेरा पुस्तकांच्या कपाटावर ठेवला आणि दोन माइक स्टँडवर चढवून पियानोपासून चार हात लांब उभे केले. दादा तोंड पाडून रेकॉर्डरपाशी बसला. गुरगुरतो म्हणून फ्रिज बंद केला. दूध नासलं, ते वेगळंच.

लेक छान वाजवत होती. जोरकस भाग आला आणि रेकॉर्डरवर धोक्याचा लाल दिवा लागला. आवाज फाटतोय म्हणून दादा ओरडला, "हळू, हळू!"

पोरीने एकदम गती कमी केली. सगळी रचना गाडीचं चाक पंक्चर झाल्यासारखी बसली.

"अगं, हळू म्हणजे आवाज हळू!"

"मग तसं सांग ना, मामा! मला वाटलं मी घाईत वाजवतेय!"

"आणि मुळात तिला कशाला सांगतोस?" मी म्हणाले. "तुझ्या हातात बटण आहे ना, ते कमी कर."

"आजवर कोणी मला आवाज कमी कर म्हटलेलं नाही," तो इतक्या दुखावल्या सुरात म्हणाला, की मला हसावं की रडावं कळेना.

बटण कमी झालं. पण नाजूक भाग आला की त्याचा हात ते वाढवायला आपोआप सरके, आणि त्याचबरोबर पियानो अंगावर आल्यासारखा मोठा होई. हळुवार आणि जोरकस यांतला फरकच उरेना, आणि परीक्षक ऐकणार होते नेमका तोच. लेकीची बोटं भरून आली. खिडकीतला उजेड उतरायला लागला. आता एकदाच, असं ती म्हणाली.

मी दादाच्या शेजारी बसले आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. नाजूक भाग आला. त्याच्या मनगटाची ओढ मला जाणवत होती; मी सोडलं नाही. जोरकस भाग आला, दिवा लागला नाही. शेवटचा सूर तिने इतका अलगद सोडला, की तो विरायची वाट बघत मी श्वास रोखून बसले.

"ओके!"

मनगट मी धरलं होतं. तोंड कोण धरणार?

मी कपाळावर हात मारला. दादाने जीभ चावली. लेकीने वळून बघितलं आणि पहिल्यांदाच दिवसभरात खळखळून हसली.

"मामा, निकाल तूच लावलास."

"पुन्हा वाजवतेस का गं, राणी?" तो इतका हळू म्हणाला, की माइकलाही ऐकू गेलं नसतं.

"नाही. यापेक्षा चांगलं मला वाजवता येणार नाही. हेच जाईल."

आणि तिने ते तसंच पाठवलं. आता दोघंही शांत झोपलीत, तो तर बैठकीत घोरतोय. मी मात्र तेच पुन्हा पुन्हा लावून बसलेय, तो सूर संपल्यावर दादा बोलला की आधी, हे ठरवत. प्रत्येक वेळी आधीच बोलतो मेला.