टिटवी छापची हाक

बिडीच्या कट्ट्यावर, म्हणजे बंडलावर, टिटवी कोणी छापते का? ती ओरडली तर वऱ्हाडात बाया लेकरं घरात ओढतात. पण अकोल्याच्या म्हाताऱ्या शेठजीनं मुद्दाम तीच निवडली. म्हणाला, लोक ज्याले भेतात त्याचं नाव विसरत नाहीत. गुलाबी कागदावर काळी टिटवी बसली. तिला गळा मिळाला तो नत्थुजीचा.

तिवश्याच्या बाजारात कंपनीची जीप उभी राहिली, की नत्थुजी टपावर चढायचा. आधी स्वतः बिडी पेटवायची, लांब झुरका घ्यायचा, धूर नाकातून सोडायचा, आणि मगच टिटवीची ती चिरत जाणारी हाक. भाजीवाल्या तराजू खाली ठेवायच्या. कंपनीचा रिवाजच होता तो: हाक देणाऱ्यानं आधी ओढून दाखवायची, म्हणजे मालात खोट नाही. तिवसा, मोर्शी, रिद्धपूरची जत्रा, जितके बाजार तितके झुरके. पुढं कायद्यानं बिडीची जाहिरात बंद केली. शेठजीच्या पोरांनी तीच टिटवी काडीपेटीवर बसवली, आणि कायदा तोंड पाहत राहिला. जीप तीच, नत्थुजी तोच, झुरकाही तोच. शेठजीच्या घरात मात्र कोणी बिडीला हात लावत नव्हतं.

मग नत्थुजीच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. तोवर गळ्याला आराम द्या. त्या दिवसापासून बिडी सुटली, बोलणंही सुटत आलं. सकाळी गळा जरा मोकळा असायचा, तेवढीच काय ती चार वाक्यं.

त्या चार वाक्यांवर मुलीचा, प्रणालीचा, डोळा होता. साखरेच्या आजारानं त्याच्या बायकोची, मैनाबाईची, नजर कधीच गेली होती. तिला नवरा म्हणजे आवाज. उंबऱ्यातून "अवं, आलो" ऐकलं की ती पदर सावरून बसायची.

"बाबा, निंगाच्या आंदी आईसाठी बोला," प्रणालीनं सांगून ठेवलं होतं. "मोबाइलात भरून घेतो. काईबी बोला. रोजचंच."

नागपूरला निघायच्या सकाळी ती रिक्षा आणायला गेली, अन् नेमका कंपनीचा कुलदीप मोटरसायकल लावून ओट्यावर आला.

"काका, शेठ म्हणते तुमची हाक भरून आन. गावोगाव वाजवू. तुमी दवाखान्यात, अन् तुमचा आवाज बाजारात!"

नत्थुजीची छाती फुगली. तरी तो हळूच म्हणाला, "आंदी पोरीचं काम हाय."

"दोन मिन्टाची तं गोष्ट. नसंल जमत तं राहू द्या. अकोटचा एक पोरगा हाय, हुबेहूब काढते तुमची हाक."

"हुबेहूब? माही हाक?" नत्थुजी उठून उभा राहिला. "आन, बिडी आन!"

कुलदीपही चपापला. "काऊन जी काका, डॉक्टर..."

"झुरक्याबिगर हाक निंगत नाई. तुले काय समजते?"

त्यानं पेटवली. पहिली हाक मधेच फाटली. दुसरी खोकल्यात गेली. तिसरीला त्यानं सारा जीव लावला आणि रुमालात रक्त थुंकला. कुलदीपनं मोबाइल कानाला लावून ऐकलं, मान हलवली.

"घोगरा येऊन राहिला, काका. जाऊ द्या. त्या पोरालेच सांगतो."

मोटरसायकल गेली. प्रणाली रिक्षा घेऊन आली, बापाला हाताला धरून आत आईच्या खाटेवर बसवलं, मोबाइल पुढं धरला.

"बोला, बाबा."

मैनाबाईनं तोंड त्याच्याकडं वळवलं. "बोला ना जी. काऊन गप बसले?"

नत्थुजीचे ओठ हलले. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून निघावा तसा नुसता वारा बाहेर आला. पुन्हा ओठ हलले, पुन्हा वाराच. तेवढ्यात मैनाबाईच्या नाकाशी बिडीचा वास आला.

"पेले तुमी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "सारा जनम कंपनीवाल्याइलेच आवाज देल्ला. आजचा तं मले ठेवाचा होता."

प्रणालीनं मोबाइल खाली घेतला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

नत्थुजीनं बायकोचा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला. गळा हलत होता, एवढं तिच्या बोटांना कळलं. काय म्हणून राहिला, ते काही कळलं नाही.