हर्रासातलं माहेर

लिलावाला आमच्याकडे हर्रास म्हणत आणि आमच्या घरात हा शब्द मीठ-मिरचीइतका रोजचा होता. हे परभणीला कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तरी जुने कागद उर्दूतच होते आणि ते वाचता येणाऱ्याला भाव होता. कुणाचं गहाण घर जप्त झालं, त्याचा हर्रास कधी, हे दवंडी पिटायच्या आधी ह्यांच्या कानावर येई. त्यातूनच ह्यांना नाद लागला. निम्म्या किमतीत घर घ्यायचं, डागडुजी करून वर्ष-दीड वर्ष राहायचं आणि चांगलं गिऱ्हाईक आलं की विकायचं. लग्नानंतरच्या सहा वर्षांत मी तीन चुली घातल्या होत्या.

ह्यांचं म्हणणं असं, की हर्रासातलं घर म्हणजे झाकलेली दुरडी. आत भाकरी आहे का विंचू, ते उघडल्यावर कळतं. आधीचा भाडेकरू निघत नाही, भाऊबंद हिस्सा मागत येतो, नगरपालिकेची पट्टी थकलेली निघते. हे सगळं हे बारकाईनं तपासत आणि जेवताना मला शिकवत. मलाही ते ऐकायला आवडे. उगाच नवऱ्यावर ढकलत नाही, स्वस्तात घर मिळालं की मीही खूश व्हायची.

मोंढ्याच्या बाजारामागच्या गल्लीतलं हे माळवदाचं घर तर आम्हाला फारच स्वस्तात मिळालं. मालक कापसाचा दलाल होता. भागीदाराला जामीन राहिला, भागीदार रातोरात पळाला आणि घर गेलं. बोलीच्या दिवशी गल्लीतलं कुणी तोंड उघडेना. शेजाऱ्याच्या घरावर बोली लावायची नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. बोलणारा कुणी नसला म्हणजे हर्रास पुढे ढकलला जातो आणि तेवढ्यात दलालाला हातपाय हलवता येतील, अशी त्यांची आशा. ह्यांनी मात्र बोली लावली. ताबा घेतला त्या दिवशी दलाल नवरा-बायको आधीच निघून गेले होते, आणि चूल पोतेरा घालून स्वच्छ ठेवलेली होती. ती चूल बघून मला रागच आला. शिव्या देऊन गेले असते तर बरं वाटलं असतं.

गल्लीनं आमच्याशी बोलणं टाकलं. विरजणाला चमचाभर दही मागायला गेले, तर शेजारीण दारातूनच म्हणाली, आज लावलं नाही. आत ताक घुसळल्याचा आवाज येत होता. पाण्याला गेलं की मागून कुणीतरी म्हणे, ‘आयत्या बिळावर नागोबा.’ मीही काही गरीब गाय नव्हते. मी दारं-खिडक्यांना झगझगीत हिरवा रंग लावून घेतला, म्हटलं, बघा आता.

श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी दारात टांगा थांबला. पांढऱ्या पटक्यातला एक वयस्कर माणूस उतरला आणि त्याच्यामागून नव्या लुगड्यातली सोळा-सतरा वर्षांची पोर. मला वाटलं, कुणीतरी घर चुकलं. ते गृहस्थ मात्र बिनदिक्कत ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “आमी राणीसावरगावहून आलाव. पोरीची पयली पंचमी. वाट बघून बघून थकलो, मुराळी काय आला न्हाई. मंग म्हणलं, आपुनच पोचवावं.”

मुराळी म्हणजे लेकीला आणायला माहेराहून जाणारा माणूस. पहिल्या पंचमीला तो गेला नाही, तर पोरीला सासरी आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. ही दलालाची लेक होती. घर जाणार हे दिसताच बापानं याच घरातून घाईघाईनं तिला उजवली होती आणि पुढचं काही कळवलंच नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात बसलं. ह्यांनी सगळी जोखीम तपासली होती, पण घराला लेकही असते हे आम्हा दोघांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पोर ओसरीखाली उभी होती. तिनं हिरव्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पांढरा पडला. पण सासऱ्याचं लक्ष जायच्या आत ती पायऱ्या चढून आली, वाकून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, “मावशे, माय कुठं गेली?”

माझ्या तोंडून आपोआप निघालं, की तुझ्या मामाचं दुखणं वाढलंय, दोघंही तिकडं गेलेत, म्हणून तर मला घर राखायला बोलावलंय. सासऱ्यांनी मान हलवली. हे कचेरीतून आले तेव्हा मी दारातच मोठ्यानं म्हणाले, बघा, आपल्या ताईची लेक आलीय. माझा नवरा दुसऱ्यांची खरी-खोटी गाऱ्हाणी लिहिण्यात मुरलेला माणूस. त्यानं चपला काढल्या आणि व्याह्यांची मुराळ्याबद्दल अशी माफी मागितली, की मलाच खरी वाटली. जेवण करून, रविवारी न्यायला येतो म्हणून सासरे गंगाखेडच्या गाडीनं परतले.

ते जाईपर्यंत पोर सरळ बसून होती. मग स्वयंपाकघरात आली आणि भिंतीला टेकून रडली.  मी तिच्यासमोर तिच्या आईच्या जागेवर बसले होते. थोड्या वेळानं ती डोळे पुसून म्हणाली, “सासू म्हणती, दलालाची लेक, उद्या आमालाबी इकंल. घर गेल्यालं कळलं तर मला तिथं जगू देणार न्हाई. मी तुमच्या घरात पसारा न्हाई करणार, मावशे. रविवारपतोर ऱ्हाऊ द्या.”

तुमच्या घरात, म्हणाली. मला तो शब्द चपराकीसारखा लागला.

मग ती राहिली. पंचमीला तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, म्हणून आम्ही दोघींनी मिळून पुरणाचे दिंड उकडले. कुठल्या कोनाड्यात काय ठेवायचं हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं, पण प्रत्येक वस्तू घेताना ती मला विचारायची. गल्लीच्या बायका तिला झोक्यावर न्यायला आल्या. एकीनंही तोंडातून चकार शब्द काढला नाही. सासऱ्यांनी जाताना पानाच्या दुकानावर चौकशी केली, तेव्हा तिथंही माणसांनी म्हणे मावशीच आहे म्हणून सांगितलं. जिनं मला दही नाकारलं, ती वाटीभर विरजण घेऊन माझ्या चुलीपाशी येऊन बसली. ज्या पोरीचं घर आम्ही घेतलं, तिच्याच पुण्याईवर मी गल्लीत माणसांत आले. त्या दिवसांत मी हसले, फेर धरला, आणि फेर धरता धरता मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी सासरे आले. मी पोरीची ओटी भरली. निघताना ते म्हणाले, की पहिला दिवाळसण आहे, जावईही येतील, तेव्हा मुराळी वेळेवर धाडा. पोर खाली बघत उभी होती. मी म्हणाले, “धाडू.”

टांगा वळल्यावर ह्यांनी मला घरात घेऊन फैलावर घेतलं. मोंढ्यातलं एक चांगलं गिऱ्हाईक दसऱ्याला ताबा मागत होतं, किंमत दीडपट देत होतं. मी म्हणाले, दिवाळीआधी हे घर विकलंत तर मीही माहेरी जाईन, आणि मला आणायला मुराळी धाडू नका. दोन दिवस ह्यांनी धुसफूस केली, पण गिऱ्हाईक परतवलं. मला वाटलं, फिटलं आता आपलं देणं.

दसऱ्यानंतर एका दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. विटक्या लुगड्यातली बाई होती, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. तिनं कोण ते सांगायच्या आधीच मी ओळखलं, कारण पोरीचं नाक तिचंच होतं. ती दोघं चुडाव्याला तिच्या भावाकडे राहत होती, शेजारणीनं तिला सगळं कळवलं होतं. दलाल घराबाहेर पडत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता.

मी तिला आत पाट दिला. ती दाराशीच बसली. माझी तयारी होती तिच्या तळतळाटाची. घर घेतल्यापासून मी त्याची वाटच बघत होते. दिवाळीला तुम्हीच या, लेकीचा सण तुम्हीच करा, असं मी म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. ती नको म्हणाली. पाहुण्यांनी दलालाची दशा बघितली की सगळं उघडं पडेल. तिनं पदराखालून एक चोळीचा खण काढला.

“ह्यो तिला द्या. माझा म्हणू नका, तुमचाच म्हणा. न्हाईतर ती जावायासमोर रडंल.”

मग ती उठली, उंबऱ्याला हात लावला आणि माझ्या पाया पडली. आईच्या वयाची बाई. मी मागे सरायला हवं होतं, पण सरले नाही. म्हणाली, घर लाभू दे तुमाला. शिव्या मी पचवल्या असत्या. हे मला आजही पचलेलं नाही.

रात्री मी ह्यांना म्हणाले, पुन्हा हर्रासाला जाऊ नका. ते बरं म्हणाले. आठवड्यानं जिंतूर रस्त्यावरच्या एका घराची दवंडी पिटली, तेव्हा ते गेले, आणि उसन्या पैशांवर बोली जिंकून दुसऱ्या दिवशीच ते घर नफ्यात एकाला देऊनही टाकलं. मी एका शब्दानं अडवलं नाही. दिवाळसणाला जावयाला पोशाख आणि लेकीला लुगडं घ्यायचं होतं, आणि घरात दुसरा पैसा नव्हता.