धाकटी जिंकली त्या दसऱ्याला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही बडोद्याचे, आमच्या दांडिया बाजारातले नाही.

आमच्या घरात दोन जुन्या फ्रेंच गाड्या आहेत. एकाच कंपनीच्या, पण स्वभाव अगदी वेगळे. मोठी काळी, सहा सिलिंडरची, ती माझ्या धाकट्या दिरांची, दिनूभाऊजींची. छोटी पिवळी, चार सिलिंडरची, ती माझी. दसऱ्याला पूजा झाली की दोघांची शहराबाहेर पादरा गावापर्यंत शर्यत, आणि हरणाऱ्यानं फाफडा-जिलेबी खिलवायची. काय मजा येते म्हणून सांगू! अख्खी गल्ली ओट्यावर येते.

पूर्वी दर वर्षी भाऊजीच जिंकायचे. माझ्या गाडीला ते ‘वहिनींचं शिलाई मशीन’ म्हणायचे — प्रेमानंच, पण मला झोंबायचं. माझी हलकी, वळणाला चपळ, त्यांची नुसती भारदस्त, असं मी सगळ्यांना पटवत फिरायचे. मला स्वतःला पटलं होतं का?

दोन्ही गाड्यांची पूजा मीच करते. नऊ वर्षांपूर्वी भाऊजींच्या गाडीच्या स्टिअरिंगला कुंकू लावता लावता माझा हात डॅशबोर्डखाली गेला, आणि टाकीतून पेट्रोल सोडणारा कॉक, जो गाडी बाहेर काढताना भाऊजींनी उघडला होता, तो मी अर्धा बंद केला. हो — एका हातात पूजेचं तबक असताना! गाडी चालू झाली, पण वेग घेतला की गुदमरायची. मी जिंकले. ते जिलेबी आणायला गेले, तेवढ्यात कॉक परत पुरा उघडून ठेवला.

हिवाळाभर भाऊजी कार्बोरेटर खोलून बसले. सापडणार काय? मी त्यांना चहा द्यायचे — वर सल्लेही द्यायचे! नंतर त्यांनी ती गाडी जोरात पळवलीच नाही. “हिला दम लागतो आता,” म्हणायचे. आणि मी जिंकतच राहिले.

यंदा म्हणाले, “वहिनी, गाड्या बदलू या. मलाही एकदा जिंकू द्या ना!” मी त्यांच्या गाडीत बसले. कॉक कुठं आहे ते दाखवायला ते वाकले — तोवर माझ्या हातानं तो न बघताच उघडला होता. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुम्ही तर ही कधी चालवली नाहीत,” एवढंच बोलले आणि पिवळीत जाऊन बसले.

हळू चालवली असती तर माझं गुपित झाकलं गेलं असतं. पण काय गाडी आहे हो ती! शहर मागे पडलं आणि मी ॲक्सिलरेटर दाबला — पश्चात्तापानं नाही, निव्वळ आनंदानं. ती अशी काही सुटली की मी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते.

बऱ्याच वेळानं भाऊजी पोचले. उडी मारून उतरले, बॉनेटवर दोन्ही हात ठेवले. “बहु सरस! अहो वहिनी, हिला काहीच झालेलं नाहीये!” डोळे भरले होते त्यांचे. हरले म्हणून जिलेबी त्यांनीच आणली आणि पहिला तुकडा मला भरवला. नऊ वर्षं काय बिघडलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

त्यांची गाडी माझ्या गाडीपेक्षा चांगली आहे. पहिल्यापासून होती.