मामाच्या अकरा चिठ्ठ्या

माझा मामा चष्मे करतो. दुकानाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासायला आलेली काही मंडळी बाकावर बसल्या बसल्या त्याची खालची ओळ पाठ करतात आणि धडाधड म्हणून दाखवतात. मामा गालात हसतो आणि दारामागचा दुसरा तक्ता काढतो. त्याच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नाही.

घरी मात्र सगळं राज्य रेकॉर्डींचं. नवी रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकून झाली की मामा तिच्या कव्हरात मताची चिठ्ठी घालतो. मतं झणझणीत असतात. एका नावाजलेल्या गायिकेला त्याने 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' एवढ्यावर उडवलंय. दुसऱ्या एका चिठ्ठीत नुसतं 'कव्हर छान आहे.' मामीच्या स्वयंपाकावर त्याने आजवर मत दिलेलं नाही, एवढा तो शहाणा आहे.

सगळ्यात लाडकी रेकॉर्ड एका फारशा न गाजलेल्या गायकाची. तिच्या शेवटी आवाज विरत जातो आणि एक बारीक घंटा तीनदा वाजते. चिठ्ठीत लिहिलंय, 'या तीन ठोक्यांसाठी बाकी सगळं माफ.'

गेल्या आठवड्यात रेकॉर्डवाल्याचा मला फोन आला. मामाशी त्याची तीस वर्षांची दोस्ती. मामाने त्याला भर दुकानात खोटारडा म्हटलं होतं, खराब माल गळ्यात मारतो म्हणून. त्याच रेकॉर्डी विकण्याआधी रेकॉर्डवाल्याने स्वतः लावून पाहिल्या होत्या, आणि त्या उत्तम वाजत होत्या. मामाकडे जरा बघ, एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

रविवारी सकाळी मी गेले. मामा दूध आणायला खाली उतरला तेवढ्यात मी यंदाच्या चिठ्ठ्या काढल्या. अकरा होत्या. 'बासरी दबलेली.' 'झांजा कुठे गेल्या?' 'गोधडीखाली बसून गातोय की काय?' अकरा वेगळ्या रेकॉर्डी आणि तक्रार एकच, बारीक आणि उंच आवाज नाहीत.

मामा आला तेव्हा चिठ्ठ्या माझ्या हातातच होत्या. कान तपासून घे म्हटल्यावर तो भडकला. आपले कान खणखणीत आहेत आणि हवं तर आत्ता सिद्ध करतो, असं म्हणून त्याने लाडकी रेकॉर्ड काढली. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ही रेकॉर्ड त्याने वर्षभर लावली नव्हती, हे तिने मला आधीच सांगितलं होतं. सुई टेकवण्याआधी त्याने ती दोनदा पुसली. तोही घाबरलेला आहे हे मला तेव्हा कळलं.

त्याने डोळे मिटले. गाणं पुढे सरकत गेलं. गायकाचा आवाज विरायला लागला तेव्हा मी हात पुढे केला आणि आवाजाचं बटण पार शून्यावर नेलं. असं करताना मला स्वतःची लाज वाटली, पण केलं.

खोलीत चिडीचूप शांतता. मामाने बोट उचललं. एक. मग दोन. मग तीन. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"ऐकलीस?" म्हणत त्याने डोळे उघडले आणि त्याला बटणावरचा माझा हात दिसला.

मामीने पदर तोंडाला लावला. मग मामा हळूच म्हणाला, "तक्ता पाठ होता."

त्याने अकराही चिठ्ठ्या माझ्याकडून घेतल्या आणि फाडून टाकल्या. रेकॉर्डवाल्याकडे आधी जाऊ, मग डॉक्टरकडे, असं तोच म्हणाला. त्या अकरा रेकॉर्डी माझ्या पुढ्यात ठेवून त्याने सांगितलं की आता चिठ्ठ्या मी लिहायच्या, आणि खरं लिहायचं.

लाडकी रेकॉर्डही मी त्या ढिगावर ठेवायला गेले, तर त्याने ती काढून घेतली.

"ही राहू दे," तो म्हणाला. "ही मला अजून सगळी ऐकू येते."