अख्खी सुपारी

कौसल्यावैनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला मुलीकडे जेवत होतो. पुतण्या विष्णू एवढंच म्हणाला, "काका, आई गेली." मी उठलो नाही. ताटातलं संपवलं... आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

तेराव्याला देगलूरच्या घरी बायका विष्णूच्या गरोदर सुनेला सांगत होत्या, "जप बाई. तुझ्या आजेसासूनं ग्रहणात सुपारी कातरली, म्हणून पहिली लेक तसली झाली." एवढा संसार केलेल्या बाईची घरात हीच आठवण उरली होती. म्हणून हे लिहितो आहे.

ती सुपारी मी मागितली होती. वैनीला सातवा महिना होता. ग्रहण लागलेलं, आईनं तिला आतल्या खोलीत हातपाय न हलवता बसवलेलं. मी कॉलेजात शिकणारा, असल्या गोष्टींना हसणारा. तिच्यापुढं अडकित्ता टाकला. "कातरा की वैनी, काय होतंय बघू."

"तुमची आई जीव घेईल माझा, भावजी," म्हणत ती हसली, आणि कातरून दिली.

मुलगी झाली. डाव्या हाताला अंगठा नाही, शौचाची जागा बंद, श्वासाला धाप. आईनं विचारलं, "ग्रहणात काय कातरलंस?"

"सुपारी."

"कुणासाठी?"

मी दारातच उभा होतो. वैनी म्हणाली, "मलाच खाऊ वाटली."

बाळंतिणीला घरी ठेवून दादा आणि मी पोरीला लातूरला नेलं. दादा औषधं आणायला गेलेला असताना डॉक्टर मला म्हणाले, "हृदयातही दोष आहे. अशी व्यंगं कधी कधी एकत्रच येतात. पोटात अवयव घडतात त्या पहिल्या दोन महिन्यांतच हे झालंय. आईनं काही केलं म्हणून नाही. तिला हे आवर्जून सांगा."

पोर तिथंच गेली. मी घरी येऊन काहीच सांगितलं नाही. रेणापूरला माझी सोयरीक ठरत होती. ग्रहणानं नाही तर मग कशानं, असं कुणी विचारलं असतं तर बोट आमच्या घराण्याकडं वळलं असतं. ते वैनीकडं वळलेलंच मला सोयीचं होतं. माझ्या लग्नात तिला हळदीला हात लावू दिला नाही. मी पाटावर बसून बघत होतो.

पुढं विष्णू धडधाकट जन्मला. लोक म्हणाले, या वेळी नीट पाळलं.

वैनीनं अडकित्त्याला पुन्हा हात लावला नाही. जेवणं झाली की माझ्यापुढं अख्खी सुपारी ठेवायची. "भावजी, तुमची तुम्ही कातरा." सगळे हसायचे, मीही हसायचो. माझ्या त्या सुपारीनंच लेक गेली, असं ती मरेपर्यंत समजत राहिली... आणि तसं समजूनही मला वाढत राहिली.

तेराव्याला मी हे सगळं त्या बायकांसमोर, सुनेसमोर बोललो. विष्णूनं एवढंच विचारलं, "आईला का न्हाई सांगितलं, काका?"

जेवणानंतर पानाचं तबक फिरलं. सुपारी सगळ्यांना कातरलेली होती. विष्णू उठला, आत गेला, आणि माझ्यापुढं अख्खी ठेवून गेला.