शमीमच्या निशिगंधाची झोप

शमीम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिच्यासाठीच डबा भरत होते. बिनमिठाची डाळ, मऊ भात. झाकण लावलं, पुन्हा उघडलं... आणि डबा ओट्यावर तसाच ठेवून जिना उतरले. वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या मारून दोघी इतक्या थकलो होतो, की त्या दिवशी मला रडायचंही त्राण नव्हतं.

पनवेलच्या आमच्या इमारतीत ती तळमजल्यावर, मी तिच्या डोक्यावर. तिचे यजमान इस्माईलभाई कुवेतला. वर्षातून एकदा, पावसाळ्यात, महिनाभर यायचे आणि दूध पावडरचे मोठे पत्र्याचे डबे आणायचे. पावडर संपली की शमीम बुडाला खिळ्याने भोकं पाडून त्यांत निशिगंधाचे कांदे लावायची. रजेची तारीख पत्रातून कळली की त्या हिशेबानं आधीच लागवड. भाई टॅक्सीतून उतरायचे तेव्हा मागच्या अंगणात फुलांचे दांडे उभे असायचे. संध्याकाळी तो वास माझ्या फोडणीलाही हटवायचा. पुढे थंडी पडली की ती पाणी तोडायची. पानं वाळायची, डबे भकास दिसायचे.

“भाईंना एकदा हेही दाखव,” मी म्हणायचे.

“नको गं. महिनाभर तर येतो बिचारा. त्याला घर फुललेलंच आठवू दे.” मग माझी टर. “तू त्याला कामांची यादी देशील. तू तर न्यायला आलेल्या फरिश्त्यालाही यादी देशील, सुलू. आधी एवढं आण म्हणशील, मग मला ने!”

आजार वाढला तसे भाई नोकरी सोडून कायमचे परत आले. थंडीच्या तोंडाशी ती गेली. त्यानंतर रोज सकाळी माझ्या खिडकीतून दिसायचं, भाई तांब्या घेऊन पिवळ्या पडलेल्या पानांना पाणी घालतायत. डबा भरून वाहेपर्यंत. असंच चाललं असतं तर तिने इतकी वर्षं जपलेले कांदे कुजून गेले असते. पण सांगायचं कसं? तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहापर्यंत मी गप्प राहिले. मग खाली गेले.

“भाई, पाणी बंद करा आता.”

“पानं सुकतायत ताई. कमी पडतंय.”

“दरवर्षी सुकतात. थंडीत झोपतात ते.”

“दरवर्षी? मी तर कधी सुकलेली पाहिली नाय.”

मग सगळंच सांगावं लागलं. रजेची तारीख, लागवड, सगळं. ते डब्याच्या कडेवर हात ठेवून ऐकत राहिले.

“म्हणजे... बाकीचे अकरा महिने घर असं असायचं?”

मी हो म्हटलं.

आम्ही दोघांनी मिळून कांदे उपटले. काही बोटांखाली पिचले, घाण वास आला. बरेचसे टणक होते. ते त्यांनी आतल्या खोलीत नेले आणि तिच्या खाटेखाली वर्तमानपत्रावर पसरले.

“आता सकाळी मी काय करू?” त्यांनी विचारलं.

“उलटेपालटे करा. खालची बाजू ओली राहायला नको.”

आता चहा झाला की मी वरून हाक मारते. खालून आवाज येतो, “थांबा ताई, एवढे उलटून येतो.” चहा निवतो. मी तो पुन्हा गरम करते.